काम तेच, पगार वेगळा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

समान वेतनावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. मेल आले, पोस्टकार्डं आली, व्हॉट्सअपवर लांबलचक व्हॉइस नोट्स आल्या आणि एका काकांनी तर चार पानी रागावलेलं पत्र पाठवलं, त्यांनाही खाली उत्तर दिलंय. नावं-गावं कुणाचीच छापत नाही, कारण बऱ्याच जणी अजून त्याच नोकरीत आहेत.

"ताई, मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. माझ्यानंतर जॉइन झालेल्या मुलाला कामही मीच शिकवलं, आणि त्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे हे आत्ता कळलं. एचआरला विचारलं तर म्हणाले तो 'सिनियर एक्झिक्युटिव्ह' आहे, तुम्ही 'असिस्टंट', तुमची तुलनाच होत नाही. खरंच होत नाही का?"

होते. वेगळं पद लावायचं आणि त्या पदाच्या नावाखाली कमी पगार द्यायचा ही युक्ती जुनी आहे, आणि तिच्यावर मुंबईतलंच एक भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. मॅकिनन मॅकेन्झी नावाची कंपनी, तिथे ऑड्री डिकॉस्टा ह्या स्टेनोग्राफर होत्या. कंपनीत 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' असा एक वेगळाच गट होता, त्यात सगळ्या बायका, आणि पुरुष स्टेनोंना त्यांच्यापेक्षा जास्त पगार. कंपनी म्हणाली ह्या साहेबांच्या केबिनला जोडलेल्या आहेत, त्यांचं काम वेगळं. शिवाय युनियनशी करार झालाय, आणि वरून आमची परिस्थिती सध्या नाजूक आहे. कोर्टाने १९८७ साली तिन्ही गोष्टी बाजूला सारल्या. काम सारखं असेल तर करार असला तरी कमी पगार चालणार नाही, आणि पैसे नाहीत हे कारण ह्या कायद्यात बसत नाही. युनियनने सही केलेल्या करारातच हा फरक होता हे मला त्या केसमधलं सगळ्यात बोचणारं वाटतं, पण ते जाऊ दे.

तेव्हा कायदा होता १९७६ चा समान वेतन कायदा. आता त्याची जागा वेतन संहितेने घेतलीय, संसदेत २०१९ ला पास झाली आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. त्याच्या कलम ३ मध्ये सरळ आहे की एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला लिंगावरून पगारात फरक करायचा नाही. आणि सारखं काम ठरवायचं ते कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी ह्यावरून. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ह्याचा त्यात उल्लेख नाही, आणि थोडाफार फरक असला पण प्रत्यक्ष कामात त्याला काही महत्त्व नसलं तर तोही धरायचा नाही.

तर आता करायचं काय. आधी शांतपणे एक कागद घ्या आणि दोघांची कामं शेजारी शेजारी लिहा. तो रजेवर गेला की त्याचं काम कोण करतं? तुम्ही गेल्या की तुमचं? रिपोर्टिंग एकाच माणसाला आहे का? सही करायचे अधिकार कुणाला आहेत? इथे स्वतःशी खरं बोला, कारण त्याच्याकडे तुमच्याकडे नसलेली एखादी व्यावसायिक डिग्री असेल, किंवा ऑडिटची जबाबदारी फक्त त्याच्यावर असेल, तर काही फरक कायद्यानेही टिकतो आणि ते आधीच कळलेलं बरं. यादी करून काम खरंच सारखं निघालं तर एचआरला ईमेल करा. तोंडी नाही, ईमेलच. आणि त्यात "त्याला जास्त का" असं लिहू नका, असं लिहा की माझ्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शन, माझ्या पदाची आणि सिनियर एक्झिक्युटिव्ह पदाची पगाराची रेंज, आणि त्या पदावर जायचे निकष मला लेखी द्या. निकष नसतात हो बहुतेक ठिकाणी. ते नाहीत हे लेखी आलं, किंवा ईमेलला उत्तरच आलं नाही, तरी तो पुढे तुमच्याच कामाचा कागद आहे.

त्याच्या पे स्लिपचा फोटो काढून ठेवू नका, विनाकारण तुमच्यावरच कारवाईची सबब मिळते. स्वतःच्या स्लिपा मात्र सगळ्या जपा, पगाराची स्लिप देणं आता मालकावर बंधनकारक आहे. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, दावा तुम्ही स्वतः करू शकता किंवा नोंदणीकृत युनियनमार्फत, आणि कमी पैसे दिल्याचा दावा आला की पैसे नीट दिलेत हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. भरपाई मूळ रकमेच्या दहा पटीपर्यंत लावायचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला आहे. आणि हो, तो मुलगा तुमचा मित्र असेल आणि त्याचा पगार कापतील अशी भीती वाटत असेल तर तसं करता येत नाही, बरोबरी करायची म्हणून कुणाचा पगार खाली आणायला कायद्यातच मनाई आहे.

"आमच्या गावात खुरपणी-निंदणीला बाईला जी मजुरी, त्याच्यापेक्षा पुरुषाला निम्म्याने जास्त. विचारलं की म्हणतात पुरुष जड काम करतो. आमचा दहा जणींचा बचत गट आहे, सरपंच पण बाई आहे, तरी काही होत नाही."

जड काम! दिवसभर वाकून निंदायचं ते हलकं आणि फवारणीचा पंप पाठीला लावून दोन तास फिरायचं ते जड, हे मोजलं कुणी आणि कधी? शेतात गंमत अशी आहे की कामं आधीच वाटलेली असतात. बायका करतात त्याचा दर कमी आणि पुरुष करतात त्याचा जास्त, त्यामुळे मालक म्हणतो बघा, सारखं काम नाहीच, मग समान वेतनाचा प्रश्न कुठे आला. पण राज्य सरकार शेतमजुरीचा किमान दर जाहीर करतं त्यात बाईचा आणि पुरुषाचा असे दोन रकाने नसतात. पहिलं काम म्हणजे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून तो चालू दर लेखी घेऊन या. पुष्कळ ठिकाणी बायकांचा दर त्याच्याही खाली असतो, आणि तसं असेल तर तुलना वगैरे करत बसायचीच गरज नाही, ती सरळ किमान वेतनाची तक्रार होते.

आपल्या राज्यात हे आधी करून दाखवलेलं आहे, म्हणून अशक्य आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे ह्यांनी ती कल्पना लावून धरली, पुढे १९७७ ला कायदा झाला, आणि तिथे पैसे कामाच्या मापावर होते. इतकी माती इतके पैसे, खोदणारा हात बाईचा की पुरुषाचा हे दरात नव्हतं. बायका त्या कामांवर लोटल्या त्यामागे भूक तर होतीच, पण हेही होतं.

हाच माप लावायचा प्रकार तुम्हाला उक्त्यात सापडेल. बऱ्याच गावांत बायकांच्या टोळ्या रोजाने न जाता एकराप्रमाणे उक्तं घेतात, कापूस वेचणी असली तर किलोवर. एकराचा दर ठरला की बाई-पुरुष हा विषयच निघत नाही. ह्यातही खोच आहे, जास्त मिळवायच्या नादात दिवस लांबतो, आणि म्हातारी किंवा गरोदर बाई टोळीतून आपोआप बाहेर पडते, त्याचा विचार तुम्हीच गटात बसून आधी करा. दर ठरवायची बोलणी हंगामाच्या तोंडाला करायची. जेव्हा सगळ्यांनाच एकदम माणसं लागतात तेव्हा दहा जणी मिळून "ह्या दराखाली नाही" म्हणाल्या तर ऐकतात. मे महिन्यात म्हणून उपयोग नाही. आणि शेजारच्या वाडीतल्या बायकांशी आधी बोलून घ्या, नाहीतर त्यांना टेम्पोत घालून आणतील.

आता सरपंचबाईंचं. खरं सांगायचं तर ग्रामपंचायतीला कुणाच्या खाजगी शेतावरचा दर ठरवायचा अधिकार नाही, त्यामुळे त्यांना नुसतं बोल लावून भागणार नाही. पण काही गोष्टी त्या नक्की करू शकतात. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदावर होते, म्हणजे रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या वेळी सह्या करू नका, सभा लावायला लावा. तिथे ठराव करा की किमान वेतनाचा चालू दर पंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरात लावा, आणि तो ठराव ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात घ्यायला लावा. शिवाय पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते मागच्या वर्षी कशावर गेले हे त्याच सभेत विचारा, उत्तर ऐकून करमणूक होईल. बायका कामावर गेल्यावर लहान पोरांना सांभाळायची सोय गावात नसेल तर त्या पैशाला तिथेच लावायला सांगता येईल.

"मी अंगणवाडी सेविका. आम्हाला पगार नाही, मानधन म्हणतात. मग समान वेतन आम्हाला लागू आहे की नाही?"

तुमचं सगळं दुखणं त्या मानधनातच आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना सुरू झाली तेव्हापासून सेविका-मदतनीस ह्यांना समाजसेवा करणाऱ्या स्वयंसेविका धरलंय, नोकर धरलंच नाही, आणि नोकर नाही म्हटलं की वेतनश्रेणी नाही, पेन्शन नाही. गावोगावच्या आरोग्यसेविका, म्हणजे आशा, त्यांचंही तेच, त्या तर कामामागे मोबदल्यावर. पोषण, लसीकरण, सर्वे, निवडणूक, वरून मोबाइलवर फोटो अपलोड, इतकं सगळं काम सरकार जिच्याकडून रोज करून घेतं ती स्वयंसेविका कशी, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडेल.

कोर्टाने ह्यात एक दार उघडलंय. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या एका केसमध्ये सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, कायदा लागू होतो. मानधन म्हटलं म्हणून ते वेतन नाही हे तिथे चाललं नाही. अर्थात ग्रॅच्युइटी म्हणजे पूर्ण सरकारी नोकरी नव्हे, पण हा निकाल तुमच्या संघटनेच्या फाइलीत पहिल्या पानावर हवा.

बाकीचं धोरणात ठरतं आणि तिथे पैसा दोन खिशांतून येतो हे लक्षात ठेवा. केंद्राने २०१८ ला सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० केलं, त्याच्यावर राज्य आपली भर घालतं. म्हणून मुंबईत मोर्चा नेला की राज्य केंद्राकडे बोट दाखवतं आणि दिल्लीत गेलं की उलटं. महाराष्ट्रात २०२३ च्या डिसेंबरात जो संप सुरू झाला तो जानेवारी उजाडून संपत आला तरी चालला होता, एवढा ताणायची ताकद तुमच्या संघटनांकडे आहे हे त्यातून दिसलं. माझं मत विचाराल तर मागणी दोन भागांत लिहा, राज्याच्या खिशातली वेगळी आणि केंद्राच्या खिशातली वेगळी. आमदाराला पहिलं पान द्या, खासदाराला दुसरं, म्हणजे टोलवाटोलवी करायला जागा कमी उरते.

"माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मी कॉलेजला आहे. हिशोब सगळा वडिलांच्या नावाने होतो. आईचं नाव कुठेच नाही. हे बेकायदेशीर नाही का?"

तुझा प्रश्न वाचून बराच वेळ थांबले, कारण आलेल्या सगळ्या पत्रांत हा सगळ्यात अवघड आहे. तुला माहितीच आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम हंगामाच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हातात. मग टनावर जे होईल ते उचलीतून वळतं होतं. बाई पहाटे उठून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडी भरते, आणि हिशोबाच्या वहीत तिची मजुरी नावाचा आकडाच नसतो. म्हणजे तिला कमी पगार मिळतो असंही म्हणता येत नाही, तुलना करायला तिचा पगार कुठे लिहिलेलाच नाही. आणि एक दिवस काम बुडलं तर दोघांचा खाडा धरला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा परवडत नाही म्हणून पाळीच नको, इथपर्यंत बायका आल्या होत्या.

कायद्याच्या भाषेत बेकायदेशीर आहे का? आई स्वतः काम करते, तिचं वेतन तिला मिळायला हवं, तिच्या नावाने हिशोब हवा, हे कायद्यात बसतं. पण मालक कोण हे सिद्ध करतानाच दमछाक होते. कारखाना म्हणतो आमचा संबंध मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी कारखान्याचा माणूस. म्हणून एकट्या घराने केस करण्यापेक्षा नाव कागदावर आणायच्या मागे लागावं असं मला वाटतं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्याच्या नोंदणीत आणि ओळखपत्रात आईची स्वतंत्र नोंद आहे का ते आधी बघ, वडिलांच्या कार्डावर कुटुंबीय म्हणून नको, कामगार म्हणून हवी. ग्रामसेवक एका घराचं एकच कार्ड म्हणाला तर तसं लेखी मागायचं. आणि उचल घेताना करार जर कागदावर होत असेल तर त्यावर आईचंही नाव आणि सही, आणि निम्मी रक्कम तिच्या खात्यात, ही मागणी घरातूनच सुरू करावी लागते. ती वडिलांशी बोलायची गोष्ट आहे, तिथे मी तुला काय सांगू, तू जास्त जाणतोस किंवा जाणतेस.

एका काकांचं पत्र, चार पानांचं, सार असं: "क्रिकेटमध्येसुद्धा आता बायकांना समान पैसे झाले. अजून काय पाहिजे? आणि बायका बाळंतपणाला सहा-सहा महिने जातात, मग मालकाने फरक केला तर त्याचं काय चुकलं?"

काका, क्रिकेटचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरंच झालं. २०२२ च्या ऑक्टोबरात बीसीसीआयने मॅच फी सारखी केली, कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३, चांगलाच निर्णय होता. पण ती फी एका मॅचची. तेव्हाचे वार्षिक करार बघा, पुरुषांच्या वरच्या श्रेणीला ७ कोटी आणि बायकांच्या वरच्या श्रेणीला ५० लाख. आणि मॅचच कमी खेळवल्या तर फी सारखी असून हातात किती येणार? नोकरीतही अगदी असंच असतं, बेसिक सारखा दाखवतात आणि फरक ओव्हरटाइममध्ये, इन्सेंटिव्हमध्ये, कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकलं ह्यात लपतो.

बाळंतपणाचं तुमचं म्हणणं अगदीच मोडीत काढत नाही मी. क्लॉडिया गोल्डिन ह्या बाईंना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी अमेरिकेतली दोनशे वर्षांची आकडेवारी धुंडाळून दाखवलं की आज बराचसा फरक एकाच धंद्यातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि तो पहिलं मूल झालं की रुंदावतो. म्हणजे कारण तुम्ही म्हणता तेच आहे. पण त्यावरून मालकाने पगार कापावा हे कसं निघतं? मूल दोघांचं असतं ना? आपल्याकडे २०२४ च्या वेळेच्या सरकारी सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ रोजचा २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ आला. त्या दोनशे मिनिटांत तुमचा ओव्हरटाइम, तुमचं प्रमोशन, तुमची क्लायंट मीटिंग सगळं बसलेलं आहे.

एक गोष्ट मात्र धोरणात चुकलीय असं मी स्पष्ट म्हणेन. २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर. पण जिथे कामगारांची सरकारी विमा योजना (ईएसआय) लागू नाही तिथे हा सगळा भार एकट्या मालकावर टाकलाय, आणि बापाला खाजगी नोकरीत कायद्याने एक दिवसही सुट्टी नाही. मग छोटा मालक लग्न झालेली मुलगी घ्यायलाच कचरतो, मुलाखतीत विचारतो "प्लॅनिंग काय". हा खर्च सरकार, मालक आणि विमा ह्यांच्यात वाटला आणि रजा बापालाही दिली तर बाई महाग पडते हे म्हणायला जागा राहणार नाही. तुमची चार पानं ह्या मागणीसाठी खासदारांना पाठवा, मी पण सही करते.

"दीड हजार रुपये महिन्याला खात्यात येतात की आता, मग मजुरीचं एवढं काय, असं आमचे हे म्हणतात."

ते 'लाडकी बहीण'चे पैसे घ्या, हक्काने घ्या. पण ती मदत आहे, ती सरकार ठरवतं, निकष बदलले की यादीतून नाव जातं. मजुरी कामाची असते. आणि ह्यांना विचारा की तुम्हाला सरकारने दीड हजार दिले तर तुम्ही तुमचा रोज कमी करून घ्याल का.

"आम्ही शहरात पाच-सहा मैत्रिणी आहोत, नोकरी करणाऱ्या. काहीतरी करावंसं वाटतं. मोर्चा काढावा, की पत्रकं वाटावीत, की थेट पालकमंत्र्यांना भेटावं?"

मोर्चा शेवटी. सुरुवात मोजण्यापासून करा.

मुंबईत २०११ ला सार्वजनिक मुताऱ्यांवरून मोहीम झाली, 'राईट टू पी'. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हे रोज सगळ्यांना दिसत होतं पण कुणी लिहून काढलं नव्हतं. त्या लोकांनी वॉर्डावॉर्डात जाऊन मुताऱ्या मोजल्या, सह्या घेतल्या, मग महापालिकेत गेले. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला उभी राहिली, बाबा आढाव त्यांच्याबरोबर होते. त्यांनी आपण रोज किती कचरा उचलतो आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो हे आकड्यात मांडलं. दया करा असं म्हणत त्या गेल्या नाहीत, आमच्यामुळे तुमचे पैसे वाचतात म्हणून गेल्या, आणि त्यातूनच २००८ ला 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. तिसरं उदाहरण केरळातलं, कोळिकोडमधल्या कापड दुकानांतल्या सेल्सगर्ल्सना दिवसभर बसायलाच परवानगी नव्हती. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना जमवलं, बरीच वर्षं लागली, पण २०१८ ला केरळ सरकारने कायदा बदलून बसायची सोय बंधनकारक केली आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली. मागणी काय तर एक स्टूल! "स्त्रियांना समान दर्जा द्या" अशी मागणी केली असती तर मंत्री हार घालून घरी गेले असते.

तुम्हाला एक काम सुचवते. तुमच्या महापालिकेत सफाई, बागा, दवाखाने इथे कंत्राटी बायका असतात, बिल कंत्राटदार लावतो. माहिती अधिकारात त्या कंत्राटदाराचं वेतन रजिस्टर आणि पीएफ भरल्याची चलनं मागा. अर्ज मराठीत चालतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो म्हणून फाफटपसारा नको, आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. कुणाची खाजगी माहिती म्हणून अडवलं तर नावं झाकून पद, लिंग आणि रक्कम तेवढी द्या म्हणा. उत्तर आलं की त्या बायकांनाच भेटा, त्यांच्या हातात प्रत्यक्ष किती पडतात ते विचारा, बँकेत जमा झाल्यावर काही परत द्यावे लागतात का तेही विचारा. त्यांना विचारल्याशिवाय पेपरात देऊ नका. नोकरी त्यांची जाणार आहे, तुमची नाही. मग नगरसेविकेकडे, स्थायी समितीकडे, बजेट बनायच्या आधी, म्हणजे हिवाळ्यातच जा. बजेट मांडून झाल्यावर सगळे सहानुभूती दाखवतात फक्त.

१९९४ ला महिला धोरण आणणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, चौथं धोरण २०२४ ला आलं. भाषा उत्तम आहे. त्यातलं एखादं वाक्य तुमच्या निवेदनाच्या वर टाका, अधिकाऱ्याला आपल्याच सरकारचं लिहिलेलं नाकारता येत नाही.

"तक्रार केली तर नोकरी जाईल ना?"

जाऊ शकते. नाही जाणार असं सांगणारा एक तर मालक असतो नाहीतर त्याने कधी तक्रार केलेली नसते. ऑड्री डिकॉस्टांचा दावाही नोकरी गेल्यानंतरचाच आहे, आणि नोकरी जाण्यापासून निकालापर्यंत दहाएक वर्षं गेली. म्हणून एकटीने पहिली तक्रार करू नका. तुमच्यासारखी अजून एखादी तरी शोधा, दोघींच्या सह्यांचं पत्र आणि एकटीचं पत्र ह्यात साहेब वेगळे वागतात. युनियन असेल तर तिच्यामार्फत जा. तक्रारीच्या आधीचे अप्रेझल, कौतुकाचे मेल, हजेरी घरी काढून ठेवा म्हणजे नंतर "कामात कमी पडत होती" हे चालणार नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर बघा, नसेल तर आधी तो जमवा, दाव्याला तीन वर्षं आहेत. राज्य महिला आयोगाकडे छळाची तक्रार जरूर करा पण पगाराच्या फरकाचा दावा तिथे सुटत नाही, त्याला कामगार आयुक्तांच्याच कार्यालयात जायचं. जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेचा पोच शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.